बोक्याचं पाणी, कुत्र्याचं माप

चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग पौड. मुळशी तालुक्याच्या या पट्ट्यातल्या किराणा दुकानांत हल्ली तांदूळ, पोहे आणि सरकी पेंडीच्या शेजारी कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या पिशव्याही उभ्या असतात. एका फळीवर कोरडे दाणे, दुसरीवर ग्रेव्हीचे पाऊच. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक हिंजवडी-माणच्या टॉवरमधलं, मोबाइलवर दहा ठिकाणचे सल्ले वाचून आलेलं. दुसरं गावातलं, ज्याच्या पडवीत कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि जे कुठल्याही कंपनीच्या खाद्याला ‘पेडिग्री’च म्हणतं. पैसे काढताना दोघंही विचारतात तेच: कोरडं घेऊ की ओलं?

मांजरासाठी विचारलेला हा प्रश्न मुळात पाण्याचा आहे. कुत्र्यासाठी तो मापाचा आहे. आणि मुळशीत राहायचं तर दोन्हींत पावसाचा हिशेब धरावा लागतो. ओलं चांगलं, कोरडं वाईट किंवा याच्या उलट असा सरसकट निकाल देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. बहुतेक वेळा त्यांच्या घरात एकच प्राणी असतो आणि त्याला काय मानवलं एवढंच ते सांगत असतात.

आधी मांजर घेऊ, कारण चुका तिथेच जास्त होतात.

मुळशी हा भाताचा तालुका. आंबेमोहोर, इंद्रायणी ही इथली नावं. घरात भात म्हणजे कणगी, कणगी म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे मांजर. त्या मांजराला सकाळी दूध-भात, दुपारी जेवणं उरकली की सुकटीची चिमूट किंवा मासळीची डोकी. गावातल्या आज्या ठासून सांगतात, ‘आमची मांजरं दूध-भातावरच वाढली बाई.’ आज्यांचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष तेवढा चुकतो. ती मांजरं दूध-भाताला तोंड लावायची आणि पोट भरायची उंदीर, पाली, सरडे, टोळ आणि हाती लागलीच तर एखाद्या चिमणीवर. वाटीतला भात हे त्यांचं तोंडीलावणं होतं, मुख्य जेवण माळ्यावर पळत असे.

आता जमिनी विकल्या गेल्या, खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ साली ही गोष्ट पडद्यावर आणली, पण त्या व्यवहारात मांजराचं काय झालं हे कुठल्या सिनेमात येणार? ते नवव्या मजल्यावर गेलं. खिडक्यांना जाळ्या लागल्या. उंदीर नाही, पाल नाही. वाटीत जे नाही ते त्याला आता कुठेच मिळत नाही. म्हणून वाटीत काय आहे, याला पूर्वी नव्हतं एवढं महत्त्व आलं.

घरमांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. कोरड्या प्रदेशातलं जनावर. उघड्यावर पाणी मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्याच्या मूत्रपिंडांनी मूत्र खूप दाट करून पाणी वाचवण्याची कला साधली. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं. शिकार खाल्ली की जेवणासोबत पाणीही पोटात जाई. तहान लागून भांडं शोधत फिरण्याची गरज या प्राण्याला फारशी पडलीच नाही, आणि त्यामुळे त्याची तहानही मंद राहिली. कुत्रा धावून आला की लपालपा पाणी पितो. मांजर दोन घोट घेतं आणि निघून जातं.

हे आकड्यांत पाहू. चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात आणि पाणी, सगळ्या वाटांनी मिळून, २०० मिलिलिटरच्या आसपास. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३६० कॅलरी धरल्या तर त्याला दिवसाला ५५ ग्रॅम दाणे पुरतात. त्या दाण्यांतून मिळणारं पाणी चार-पाच मिलिलिटर, म्हणजे एक चमचा. ओल्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ८० कॅलरी धरल्या तर तेच मांजर २५० ग्रॅम खाईल, आणि त्यातून २०० मिलिलिटर पाणी आपसूक पोटात जाईल. कोरडं खाणारं मांजर भांड्यातलं पाणी जास्त पितं हे खरं, पण ही सगळी तूट भरून निघेल इतकं सहसा पीत नाही.

तूट राहिली की मूत्र दाट होतं आणि मूत्राशयाचं दुखणं असलेल्या मांजराला ते महागात पडतं. त्यातही बोक्याला. त्याची मूत्रनलिका लांब आणि टोकाशी अतिशय अरुंद असते. वाळूसारखे खडे किंवा चिकट घट्ट पदार्थ तिथे अडकला की लघवी पूर्ण बंद. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो, अंगाखाली चाटत राहतो. पुष्कळ घरांत याला ‘बद्धकोष्ठ झालंय’ समजून एक दिवस वाट पाहिली जाते. तो दिवसच घात करतो. तुंबलेल्या लघवीमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. नसबंदी झालेला, थोडा जाड, घरातच बसून असणारा आणि फक्त दाणे खाणारा बोका हा या दुखण्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. ताम्हिणीकडच्या एखाद्या बंगल्यावर आठवडाअखेर घालवायला त्याला सोबत नेत असाल तर रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे निघण्याआधी विचारून ठेवा. घाटमाथ्यावरून पुण्यात यायला वेळ लागतो.

कोरड्या खाण्यानं मूत्रपिंडं बिघडतात, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. ते वाक्य फार ऐकायला मिळतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. पुष्कळ मांजरं आयुष्यभर दाणे खाऊन म्हातारी होतात. पण मूत्राशयाचा त्रास एकदा होऊन गेलेल्या किंवा मूत्रपिंडं दुबळी झालेल्या मांजराला जास्त पाणी पोटात जाणं हिताचं, आणि मांजराला पाणी पाजण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ते अन्नात घालणं. म्हणून मांजराच्या बाबतीत माझं पारडं ओल्याकडे झुकतं. सगळं ओलं जमत नसेल तर दिवसातलं एक जेवण तरी ओलं असावं.

मांजर हा सक्तीचा मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य कुत्रा स्वतःच्या शरीरात बनवू शकतो, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या पॉल पियन या पशुवैद्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांमध्ये हृदय फुगून निकामी होण्याचा जो आजार वारंवार दिसत होता त्याच्या मुळाशी टॉरिनची कमतरता होती, आणि ते दिलं की आजार उलटवता येत होता. ही मांजरं बाजारात विकत मिळणारं खाद्य खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही, आणि गोड चव तर त्याला कळतच नाही. ती ओळखणारं जनुक निकामी झालेलं आहे. शाकाहारी घरातल्या माणसांनी मांजर पाळावं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण पाळलं तर त्याला वरण-भातावर ठेवू नये. शाकाहारी कुत्रा नीट आखलेल्या आहारावर जगू शकतो. शाकाहारी मांजर हा त्या प्राण्यावरचा अन्याय आहे.

कोरडं आणि ओलं हे भांडण लागलं कुठून, ते पाहायला थोडं लांब जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन विजेपासून इमारती वाचवणारे तडितरक्षक विकायला लंडनला गेला. गोदीतली भटकी कुत्री जहाजावरची टाकून दिलेली कडक बिस्किटं खाताना त्यानं पाहिली आणि १८६०च्या सुमारास गहू, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली, असं सांगतात. म्हणजे धंद्याची सुरुवात कोरड्यानं झाली. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत डबाबंद घोड्याच्या मांसाचं खाद्य आलं आणि ओल्यानं बाजी मारली. दुसऱ्या महायुद्धात कथिल आणि पत्रा लष्कराकडे वळवला गेला, डबे मिळेनात, आणि कंपन्या पुन्हा कोरड्याकडे वळल्या. न्याहारीचं धान्य फुलवणारं यंत्र कुत्र्याच्या खाद्यासाठी वापरून १९५७ साली प्युरिनानं डॉग चाउ बाजारात आणलं. आज आपण ‘ड्राय फूड’ म्हणतो ते हे. कुत्र्याला किंवा मांजराला काय मानवतं यापेक्षा पत्रा मिळतो की नाही यावरून कितीतरी गोष्टी ठरल्या.

ते यंत्र म्हणजे शेवेचा सोऱ्याच, फक्त प्रचंड दाबाचा. मांसाची भुकटी, मका, तांदूळ किंवा गहू यांचं पीठ, पाणी आणि वाफ यांचा लगदा आत जातो, शंभरहून अधिक अंश तापमानावर शिजतो, आणि जाळीतून बाहेर पडताच दाब सुटल्यामुळे फुगतो. त्याचे तुकडे पडतात, ते वाळवून ओल दहा टक्क्यांच्या खाली आणतात, आणि शेवटी वरून चरबी व यकृताचा आंबट-खमंग अर्क फवारतात. पिशवी उघडल्यावर जो वास येतो तो या शेवटच्या थराचा. आतला दाणा बऱ्यापैकी बेचव असतो. दाणा आकार धरायला पिष्ट लागतंच, त्यामुळे कोरड्या खाद्यात पिठाचा वाटा ओल्यापेक्षा सहसा जास्त. ओलं खाद्य मात्र पाऊचमध्ये किंवा डब्यात भरून, तोंड बंद करून, मग दाबाखाली सुमारे १२० अंशांवर तापवतात. न फोडलेला पाऊच म्हणून महिनोन्‌महिने टिकतो, त्यात कसला जादूटोणा नाही. फोडला की मात्र ते शिजवलेल्या मटणाइतकंच नाशवंत.

पाऊचवरचं लेबल वाचताना हमखास फसगत होते. दाण्यांच्या पिशवीवर प्रथिनं ३० टक्के, पाऊचवर ८ टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, पाऊच म्हणजे नुसतं पाणी. पाणी आहेच, म्हणून तर ते बाजूला काढून तुलना करायची. पाऊचमध्ये ओल ८२ टक्के असेल तर उरलं १८. त्या १८ मध्ये ८ प्रथिनं, म्हणजे ४४ टक्के. दाण्यांत ओल १० टक्के, उरलं ९०. त्यात ३० प्रथिनं, म्हणजे ३३ टक्के. गणित पाचवीचं आहे, निकाल उलटा लागतो. लेबलवर प्रथिनांचा आकडा ‘किमान’ आणि ओलीचा ‘कमाल’ असतो, त्यामुळे हे उत्तर अदमासाचं. पण कोण पुढे हे कळायला पुरतं. अमेरिकेत ज्या ‘आफको’ संस्थेचे निकष मानतात, त्यांच्यानुसार पाणी वगळून मोठ्या मांजराच्या आहारात किमान २६ टक्के आणि कुत्र्याच्या आहारात १८ टक्के प्रथिनं हवीत. या दोन आकड्यांतच कळतं, की कुत्र्याचं खाणं मांजराला घालून भागणार नाही.

आणखी एक ओळ शोधावी. ते खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे की ‘पूरक’? मांजरं ज्या क्रीमच्या कांड्यांवर जीव टाकतात त्या बहुधा खाऊ म्हणून विकल्या जातात. नुसते टुना किंवा चिकनचे तुकडे असलेले काही पाऊचही पूरकच असतात. त्यांवर मांजर पोसायला गेलं तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, आणि मालक मात्र ‘आम्ही तर वेटच देतो’ म्हणून निर्धास्त.

घरी शिजवून घालावं का? भावना चांगली असते. चिकनच्या दुकानातून आणलेल्या माना, पंजे, छाटण, वर भात. पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं मऊ पडतात, वाकतात, उडी मारताना मोडतात. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासकांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि यातल्या काही पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. रोजच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाइतकं घरचं घातलं तर आहार बिघडत नाही. उकडलेलं चिकन आणि त्याचं बिनमिठाचं पाणी हे कोरड्या दाण्यांवर ओतायला उत्तमच. रस्सा मात्र नको. आपल्या रश्शात कांदा आणि लसूण असतोच, आणि कांद्यानं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला ते जास्त बाधतं. सुकटीतलं मीठही नको. आणि शिजवलेली हाडं कुणालाच नकोत, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात.

आता कुत्रा.

कुत्र्याच्या बाबतीत भाकरीवाल्या आज्या बऱ्याच अंशी बरोबर ठरल्या. स्वीडनच्या एरिक अॅक्सेलसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन होत्या, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसानं शेती धरली, तिच्या खरकट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटच बदललं. दख्खनच्या कारवानी कुत्र्यांना शिकारीला नेणाऱ्यांनी त्यांना ज्वारी-बाजरीची भाकरी आणि दूध घातलं, आणि ती कुत्री सशामागे काटक्या-काट्यांतून धावली. मुळशीतल्या धनगरवाड्यावरचं कुत्रं नाचणीच्या भाकरीवर राखण करतं. ते आदर्श जेवण आहे असं नाही, वरकड प्रथिनं ते स्वतः मिळवतं. पण पिष्टाशी त्याचं वैर नाही. दाण्यांत मका आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. धान्यविरहित खाद्याची फॅशन आली, आणि २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्यातल्या काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. निर्णायक उत्तर आलं नाही, पण ‘धान्य नाही म्हणजे शुद्ध’ ही हवा थोडी उतरली.

पाणी कुत्रा मनापासून पितो. म्हणून निरोगी कुत्र्याला कोरडं खाद्य चालतं, स्वस्त पडतं, आणि मोठ्या कुत्र्याला तर तेच परवडतं. त्याचा धोका निराळा. दाण्याच्या एका मुठीत किती कॅलरी बसतात याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. ओल्याची मोठी थाळी आणि कोरड्याचा छोटा ढीग सारख्याच कॅलरींचे असतात. मालकाला तो ढीग बिचारा वाटतो, म्हणून वर आणखी एक मूठ. दहा किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला ६०० कॅलरींच्या आसपास पुरतात, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम दाणे. घरी जे मापटं, वाटी, चहाचा मग वापरता तो एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहा. लोकांचा ‘एक मग’ शंभर ग्रॅमचा निघतो आणि दोनशेचाही.

मापाचं महत्त्व दाखवणारा सर्वांत ठळक प्रयोग लॅब्राडॉरवर झाला. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावून ४८ कुत्री दोन गटांत वाटली. एका गटाला दुसऱ्याच्या २५ टक्के कमी खाणं, तेही आयुष्यभर. खाद्य दोघांना एकच. कमी खाणारी कुत्री सरासरीनं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, त्यांचे सांधेही उशिरा धरले. २००२ साली हे निष्कर्ष छापून आले. मग २०१६ साली केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाला कळलं, की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये भूक भागल्याचा निरोप देणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पिरंगुट-भूगावच्या सोसायट्यांत लॅब्राडॉर पैशाला पासरी आहेत. त्यांच्या केविलवाण्या डोळ्यांमागे उपासमार नसते, गळालेला जनुकाचा तुकडा असू शकतो.

ओलं कुत्र्याला द्यावं का? म्हाताऱ्या, दात पडलेल्या, आजारातून उठलेल्या कुत्र्याला जरूर. आणि जाड कुत्र्याला. पाण्यामुळे थाळी भरलेली दिसते, पोटही भरतं, कॅलरी मात्र कमी जातात.

दाताचा मुद्दा चुटकीसरशी संपवता येतो. दाणे कुरकुरीत म्हणून दात साफ होतात ही समजूत आहे. दात साफ होण्यासाठी खास आकाराचे, दातावर घासून न फुटणारे दाणे बनवतात, त्यांचा उपयोग होतो. साधा दाणा दाताला लागताच फुटतो, आणि कित्येक मांजरं तो न चावताच गिळतात. ब्रश हाच उपाय.

मुळशीचा पाऊस मात्र चुटकीसरशी संपत नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्याशी बरोबरी करू पाहणारा. जून ते सप्टेंबर या भागात पापड सादळतात, चपलांवर बुरशी चढते, भिंती घाम येऊन ओघळतात. अशा हवेत दहा किलोची दाण्यांची पिशवी तोंडाला रबरबँड लावून ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. पिशवीतले दाणे दहा टक्के ओलीवर टिकतात. ती वाढली की टिकत नाहीत. बुरशी दिसण्याआधीच वरची चरबी हवेनं खवट होते. त्यातच साठवणीच्या धान्यात वाढणारे सूक्ष्म कोळी दमट दाण्यांत पैदास करतात, आणि त्यांची ॲलर्जी असलेला कुत्रा पावसाळाभर अंग खाजवत बसतो. मालक शांपू बदलत राहतो.

बुरशीच्या एका जातीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करतं. मका आणि शेंगदाणा ही त्याची आवडती ठाणी. २०२० च्या अखेरीला अमेरिकेत अशा विषानं दूषित झालेलं कोरडं खाद्य खाऊन सत्तरहून अधिक कुत्री मेली. ते विष कारखान्यात आलेल्या मक्यात होतं, घरी साठवताना शिरलं नव्हतं. पण घरी ते शिरू शकत नाही असं नाही. ओलंही सोवळं नाही. २००७ मध्ये अमेरिकेतलंच ओलं खाद्य परत बोलवावं लागलं, कारण प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी चिनी गव्हाच्या सत्त्वात मेलॅमिन मिसळलं होतं आणि मांजरा-कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यानं बंद पडली.

म्हणून पावसाळ्यात छोटी पिशवी घ्यावी, महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच. किलोमागे थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्यावेत. दाणे पिंपात ओतण्यापेक्षा पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत: पिशवीच्या आतल्या थरामुळे चरबी टिकते आणि बॅच नंबर, तारीख हाताशी राहते. जुन्या दाण्यांच्या वर नवे ओतायचे नाहीत, तळाचे खवट दाणे नव्यांना लवकर बिघडवतात. दाणे भिजवून देणं चांगलं, विशेषतः पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना, पण भिजले की ते कोरडे राहिले नाहीत. तास-दोन तासांत संपले नाहीत तर फेकायचे. फोडलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांच्या आत संपवायचा. पावसात मुळशीच्या वाड्या-वस्त्यांवर वीज गेली की कधी परतेल याचा भरवसा नाही, तेव्हा हा हिशेब फ्रिजचा नसून विजेचा असतो.

फार्महाउसवाल्यांची एक सवय सांगायलाच हवी. शुक्रवारी येतात, रविवारी जाताना राखणदार कुत्र्यासाठी परातभर दाणे ओट्यावर ठेवून जातात. त्यावर उंदीर, घुशी, कावळे, गावातली चार कुत्री जमतात. दाणे भिजतात, आंबतात. आणि रात्री जिथे कुत्री जमतात तिथे बिबट्याही येतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. मुळशीतही बिबटे आहेत. राखणदाराला थोडे पैसे देऊन सकाळ-संध्याकाळ मापानं खाणं घालायला सांगावं, उरलेलं उचलायला सांगावं, आणि कुत्र्याला रात्री आत घ्यायला.

खर्चाचं काय? मांजराचा ८५ ग्रॅमचा पाऊच चाळीस-पन्नास रुपयांच्या घरात. दिवसाला तीन, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. निव्वळ दाण्यांवर हाच खर्च सहाशे-सातशेत भागतो. या फरकाकडे डोळेझाक करून ‘ओलंच द्या’ सांगणं सोपं आहे. मधला मार्ग असा, की एक पाऊच आणि सुमारे ३५ ग्रॅम दाणे. पाऊचमध्ये दोन-तीन मोठे चमचे कोमट पाणी घालून सारखं करायचं. मांजर ते सहसा चाटूनपुसून खातं, कारण त्याला अन्न शिकारीच्या अंगाइतकं उबदार आवडतं. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब. एवढ्यानं दिवसाकाठी शंभरेक मिलिलिटर पाणी जास्त जातं.

बदल करताना घाई नको. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, आठ-दहा दिवसांत पूर्ण. कुत्र्याला घाईत बदललं तर जुलाब होतात आणि दही-भातावर चार दिवसांत तो सावरतो. मांजराचं तसं नाही. लहानपणी फक्त दाणेच मिळालेलं मांजर ओल्याकडे अन्न म्हणून पाहतच नाही, वाटी हुंगून माती ओढल्यासारखा पंजा मारतं. ‘भूक लागली की खाईल’ हा आपला ठेवणीतला मंत्र त्याच्यावर चालवू नये. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर हट्ट आपण सोडायचा, जुने दाणे परत द्यायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लू घरी आणलं असेल तर पहिल्या काही महिन्यांत दोन्ही प्रकार त्याच्या तोंडाला लावून ठेवावेत. पुढे मूत्राशयाचं दुखणं निघून डॉक्टर ओलं सुरू करायला सांगतील, तेव्हा ते नाक मुरडणार नाही.